दुएरोकाठचं तोर्देसियास: तो तह नेमका इथेच का झाला?

मांडवीकाठची | शनिवार, रात्री ९.४०

मी मूळची पणजीची. गेली दोन वर्षं नवऱ्याच्या कामामुळे स्पेनच्या वायादोलिद शहरात राहते. घरामागून पिसुएर्गा नदी वाहते. तिच्या पाण्याबरोबर खाली निघालं तर ती दुएरोला मिळते आणि संगमापासून थोडंच पुढे, उजव्या काठावरच्या टेकाडावर एक छोटं गाव लागतं. तेच तोर्देसियास.

शाळेत आपण 'टॉर्डेसिलास' म्हणून घोकलेलं नाव. स्पॅनिशमध्ये जोड 'ल'चा उच्चार 'य'कडे झुकतो, म्हणून इथले लोक तोर्देसियास म्हणतात. जुन्या कागदांत 'ओतेर दे सियास' असंही सापडतं. ओतेरो म्हणजे सपाट मुलखात एकटं उभं असलेलं टेकाड. नावातच गावाची जागा सांगितली आहे.

गोव्याच्या माणसाला या नावाशी कसं वागावं कळत नाही. ७ जून १४९४ रोजी इथे कास्तील-आरागोनची, म्हणजे आजच्या स्पेनची, राजाराणी आणि पोर्तुगालचा राजा यांच्या वकिलांनी अटलांटिकवर एक रेघ ओढली. केप व्हर्द बेटांपासून ३७० लीग (लीग हे अंतराचं जुनं माप) पश्चिमेला, ध्रुवापासून ध्रुवापर्यंत. पश्चिमेकडचं सापडेल ते कास्तीलचं, पूर्वेकडचं पोर्तुगालचं. सोळा वर्षांनी, १५१० मध्ये, आफोंस द आल्बुकेर्क गोव्यात उतरला आणि पुढची साडेचारशे वर्षं आमच्याकडे काय झालं ते इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे. जिथे ती रेघ ओढली ते गाव डोळ्यांनी पाहायचं हे माझ्या मनात कधीपासून होतं. फेब्रुवारीत गेले. मग एप्रिलमध्ये पुन्हा, आणि परवा तिसऱ्यांदा.

पहिल्यांदा बसमधून उतरले आणि थेट तहाच्या घरांकडे गेले, तो चुकीचा क्रम होता. हे गाव आधी नदीकडून पाहावं. जुना दगडी पूल ओलांडून दक्षिणेच्या काठावर जायचं आणि मागे वळायचं. पुलाला दहा कमानी आहेत. पलीकडे पिवळट मातीचा उंच कडा सरळ पाण्यातून उठतो आणि त्याच्या माथ्यावर गाव, डावी-उजवीकडे चर्चचे मनोरे, एका टोकाला सांता क्लारा मठाचं रुंद छप्पर. तुम्ही उभे असता तो काठ मात्र अगदी सखल. पॉप्लरची झाडं, पलीकडे पाइनची बनं, मळई. तिला इथे 'व्हेगा' म्हणतात. एक काठ किल्ल्यासारखा आणि दुसरा शेतासारखा, अशी ही जागा आहे.

हा सगळा मुलूख कास्तीलचं उत्तरेचं पठार. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटरवर, म्हणजे पुण्याहूनही उंच. पाऊस कमी, हिवाळा कडक आणि उन्हाळा भाजणारा. इथली म्हण आहे, नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक. फेब्रुवारीत पुलावर धुकं इतकं होतं की कमानी मोजता येईनात. एप्रिलमध्ये त्याच जागेवरून क्षितिजापर्यंत कोवळा हिरवा गहू दिसला.

तहाची घरं कड्याच्या काठाशीच आहेत, दोन जोडलेले वाडे. वाटाघाटी इथे झाल्या असं परंपरा सांगते. आत आता संग्रहालय आहे. जुन्या नकाशांच्या प्रती, कराराच्या कागदांच्या प्रती. मी एका नकाशापुढे बराच वेळ उभी होते. आफ्रिकेचा किनारा रेखीव काढलेला, हिंदुस्थानच्या जागी अंदाज. ज्यांनी वाटणी केली त्यांच्यातल्या एकानेही हिंदुस्थानचा किनारा पाहिला नव्हता.

मला पडलेला प्रश्न साधा आहे. सेव्हिल होतं, तोलेदो होतं, लिस्बन होतं. मग या टेकाडावरच्या गावात का? माझं उत्तर असं की हे सगळं पुलामुळे झालं. दुएरो इथे रुंद आहे, काठ उंच आहे आणि पूल जवळपास दुसरा नाही. जो पूल धरेल त्याच्या हाती उत्तर-दक्षिण वाट. म्हणून राजवाडा इथे, म्हणून दरबार इथे, म्हणून तह इथे. आणि पुढे एक राणी सेहेचाळीस वर्षं इथेच कोंडली गेली, तेही त्याच कारणाने. तिच्याबद्दल प्रतिसादांत लिहीन, लेख आधीच लांबला आहे.

तुम्हाला काय वाटतं?

---

जुनेपाने | शनिवार, रात्री १०.२५

लेख फार आवडला. पुलावरून मागे वळून पाहायचं वर्णन डोळ्यांपुढे उभं राहिलं.

पण पुलाचं कारण मला थोडं ताणलेलं वाटतं. त्या काळी कास्तीलच्या दरबाराला ठरलेली राजधानीच नव्हती. इसाबेल आणि फेर्नांदो सतत फिरत असत. राजाराणी जिथे तिथे दरबार, आणि दरबार जिथे तिथे वकील. वाटाघाटीच्या वेळी दरबार या भागात होता म्हणून सह्या तोर्देसियासला झाल्या. कास्तीलने तह मंजूर केला तो २ जुलैला, आरेवालो गावात. पोर्तुगालने ५ सप्टेंबरला, सेतुबालला. दरबार आणखी चार आठवडे आधी हलला असता तर आपण आज 'आरेवालोचा तह' म्हणत असतो. त्यामुळे गावाला फार श्रेय देऊ नये असं मला वाटतं.

---

मांडवीकाठची | शनिवार, रात्री ११.०५

जुनेपाने, तुमचा मुद्दा मान्य, दरबार फिरता होताच. पण फिरता दरबार कुठेही मुक्काम टाकत नसे. शेकडो माणसं, घोडी, खेचरं, दफ्तरं. त्यांना राहायला वाडा लागतो, पाणी लागतं, बाजार लागतो. दक्षिणेला पंचवीस किलोमीटरवर मेदिना देल काम्पो, कास्तीलच्या मोठ्या जत्रांचं गाव. त्या जत्रांत लोकर आणि कापड विकलं जाई, हुंड्या वटत. इसाबेल १५०४ मध्ये वारली तीही मेदिनातच. उत्तरेला वायादोलिद. मध्ये नदी, आणि नदीवर हा पूल. शिवाय वाडा तयार होता. आल्फोन्सो अकराव्याने १३४० च्या रिओ सालादोच्या लढाईनंतर तो बांधायला घेतला, मुदेखार पद्धतीचा. मुदेखार म्हणजे ख्रिस्ती राज्यात राहिलेल्या मुसलमान कारागिरांची शैली. त्याच्या मुलाने, पेद्रोने, तो पुढे नेला आणि १३६३ मध्ये पेद्रोच्या मुलीच्या नावाने त्याचा क्लारिस्त जोगिणींचा मठ झाला. हाच सांता क्लारा. शेजारी दुसरा राजवाडाही होता.

सांता क्लारामध्ये गेलात तर हमामखाना नक्की बघा. ताऱ्यांच्या आकाराच्या झरोक्यांतून उजेड खाली पडतो. आणि देवळातलं सोनेरी लाकडी छत. मी मान वर करून इतका वेळ उभी होते की वाटाड्या बाईंनी मला बसायला बाक दाखवला.

---

नकाशेवाला | रविवार, सकाळी ७.१५

दोन गोष्टी जोडतो, कारण या विषयावर आपल्याकडे नेहमी एकच वाक्य ऐकायला मिळतं, 'पोपने जग दोघांत वाटून दिलं'.

पोपची रेघ वेगळी आणि तोर्देसियासची वेगळी. कोलंबस १४९३ च्या मार्चमध्ये परत आला. वादळामुळे तो आधी लिस्बनला लागला आणि पोर्तुगालचा राजा जुआंव दुसरा याला बातमी स्पेनच्या आधी कळली. राजाने कास्तीलशी झालेल्या १४७९ च्या आल्कासोवासच्या तहाचा दाखला देऊन कोलंबसला सापडलेली बेटं आपली असल्याचं सांगितलं. मग मे महिन्यात पोप अलेक्झांडर सहावा, जो स्वतः व्हॅलेन्सियाकडचा बोर्जा, याने फर्मान काढलं. रेघ आझोर्स आणि केप व्हर्दच्या पश्चिमेला १०० लीगवर. जुआंवला हे मान्य नव्हतं. तो पोपकडे न जाता थेट इसाबेल-फेर्नांदोशी बोलला आणि रेघ ३७० लीगपर्यंत ढकलून घेतली. म्हणजे तोर्देसियासचा तह हा दोन राजसत्तांमधला व्यवहार होता. रोमची मान्यता आली १५०६ मध्ये, पोप ज्युलियस दुसऱ्याकडून. तोवर सगळं पार पडलं होतं.

दुसरी गोष्ट मापाची. तहात लीग म्हणजे किती ते लिहिलेलं नाही. केप व्हर्दच्या कुठल्या बेटापासून मोजायचं तेही लिहिलेलं नाही. आणि रेखांश समुद्रावर अचूक मोजायचं साधन त्या काळी कुणाकडेच नव्हतं. अक्षांश ध्रुवताऱ्यावरून किंवा सूर्यावरून काढता येई. रेखांशासाठी खात्रीचं घड्याळ हवं, ते अठराव्या शतकात आलं. तहात एक कलम होतं की दहा महिन्यांच्या आत दोन्हीकडची गलबतं, खलाशी आणि ज्योतिषी एकत्र जाऊन रेघ निश्चित करतील. ती मोहीम कधी निघालीच नाही. माझ्या मते या तहातला सर्वांत बोलका भाग हाच आहे. वाटणी झाली आणि बांध कुणी घातलाच नाही.

---

फोंड्याची माई | रविवार, सकाळी ८.५०

नकाशेवाला, फार नीट समजावलंत. मी निवृत्त शिक्षिका आहे, तीस वर्षं मुलांना 'पोपने वाटून दिलं' असंच शिकवलं. आज दुरुस्त झालं.

पण मग माझा प्रश्न असा की तहात आपला, म्हणजे हिंदुस्थानचा, उल्लेख आहे का? गोवा पोर्तुगिजांना 'मिळाला' तो या कागदाने, असं आपण म्हणतो ते कितपत खरं?

---

नकाशेवाला | रविवार, सकाळी ९.३०

माई, कागदाने गोवा कुणालाच मिळाला नाही. गोवा विजापूरच्या आदिलशाहीकडे होता आणि तो लढाईने घेतला गेला. पोर्तुगालचा पूर्वेकडचा दावाही या तहाहून जुना. आफ्रिकेच्या किनाऱ्याबद्दल पोपची फर्मानं १४५५ पासूनची आहेत, वर आल्कासोवासचा तह. बार्तोलोमेउ दियास १४८८ मध्येच आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून आला होता. पूर्वेचा दरवाजा कुठे आहे हे पोर्तुगालला समजलं होतं.

तोर्देसियासने एवढंच केलं की त्या दरवाजातून कास्तीलची गलबतं येणार नाहीत हे पक्कं झालं. त्यामुळे वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतजवळ उतरला तेव्हापासून डच आणि इंग्रज येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं, या समुद्रात युरोपातला दुसरा प्रतिस्पर्धी नव्हता. चौल, वसई, दीव, दमण, गोवा ही सगळी साखळी त्या शंभर वर्षांत उभी राहिली. वसई १५३४ ची. ती परत घेतली चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये.

आणि जगाच्या दुसऱ्या बाजूला रेघ कुठे येते हे १४९४ मध्ये ठरलंच नव्हतं. मोलुक्कास बेटांच्या लवंग-जायफळावरून पुढे मोठा वाद झाला. १५२४ ला दोन्हीकडचे जाणकार सीमेवर बादाखोस आणि एल्व्हासला बसले, निकाल लागला नाही. शेवटी १५२९ च्या सारागोसाच्या तहात पोर्तुगालने ३,५०,००० दुकात (सोन्याची नाणी) मोजले आणि वाद मिटवला.

---

रेवदंड्याचा | रविवार, सकाळी १०.१०

चौलचं नाव निघालं म्हणून लिहितो. आमच्या खाडीच्या पलीकडे कोर्लई. डोंगरावर किल्ला, खाली गाव. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत आजही घरात जी बोली बोलतात ती पोर्तुगीज आणि मराठी मिळून झालेली आहे. पोर्तुगीज १७४० मध्ये तिथून गेले. भाषा राहिली. आमच्याकडे बाजाराला येणाऱ्या आज्या आपसात ती बोलत आणि आमच्याशी अस्सल आगरी वळणाची मराठी. लहानपणी आम्हाला यात विशेष काही वाटायचं नाही.

मांडवीकाठची ताई, तुमचा लेख वाचून पहिल्यांदाच वाटलं की त्या आज्यांच्या बोलीची एक वाट त्या पुलावरून गेली असेल.

---

मांडवीकाठची | रविवार, दुपारी १.२०

रेवदंड्याचा, हे वाचून मी उठून खिडकीशी जाऊन उभी राहिले. मनापासून आभार. त्या बोलीबद्दल स्वतंत्र धागा काढा, आम्ही सगळे वाचू.

आता राणीबद्दल. कारण तोर्देसियासमध्ये तहापेक्षा तिचीच आठवण जास्त ठिकाणी भेटते.

हुआना, इसाबेल आणि फेर्नांदोची मुलगी, जन्म १४७९. आईनंतर कास्तीलची राणी. नवरा फेलिपे १५०६ मध्ये बुर्गोसला अचानक वारला. ती गरोदर होती. त्याची शवपेटी घेऊन ती महिनोन्‌महिने पठारावरून फिरली आणि वाटेत, १५०७ च्या जानेवारीत, तिला मुलगी झाली. कातालिना. बापाने, फेर्नांदोने, १५०९ मध्ये हुआनाला तोर्देसियासच्या राजवाड्यात आणून ठेवलं. फेलिपेची पेटी शेजारी सांता क्लारामध्ये. हुआनाचं वय तेव्हा एकोणतीस. तिथून ती जिवंत बाहेर पडली नाही. १२ एप्रिल १५५५, गुड फ्रायडेच्या दिवशी, पंचाहत्तराव्या वर्षी गेली.

जगाने तिला 'वेडी हुआना' ठरवलं. मी वैद्य नाही, पण तिच्याभोवती काय चाललं होतं ते नोंदींत आहे. बाप १५१६ मध्ये वारला, ते तिला वर्षानुवर्षं सांगितलंच नाही. देनियाचा मार्केस तिचा पहारेकरी होता, तो तिला मेलेल्या बापाला पत्रं लिहायला सांगे. मुलगा कार्लोस, सम्राट पाचवा चार्ल्स, याने १५१८ मध्ये धाकट्या कातालिनाला गुपचूप उचलून वायादोलिदला नेलं. हुआनाने अन्नपाणी सोडलं. मुलगी परत आणावी लागली. याला वेड म्हणायचं असेल तर मला तो शब्द पुन्हा तपासावासा वाटतो.

आणि कायद्याने राणी तीच होती. मरेपर्यंत कास्तीलच्या दस्तऐवजांवर कार्लोसबरोबर हुआनाचंही नाव येई.

तो राजवाडा आता नाही. मोडकळीला आला होता, अठराव्या शतकात पाडला. जागेवर साधी घरं आहेत. कड्याच्या कठड्याशी उभं राहिलं की खाली पूल, नदी, मळई, आणि दूरवर दक्षिणेची वाट. याच बाजूच्या खिडकीतून तिला हे दिसत असेल. पूल रोज डोळ्यांपुढे आणि तो ओलांडायची मुभा नाही.

---

सईसखी | रविवार, दुपारी ३.४५

वाचताना डोळे भरून आले. सेहेचाळीस वर्षं!

एक शंका. ही कातालिना म्हणजे मुंबई आंदणात घेऊन गेलेली कातारीना का? नाव सारखं वाटतंय.

---

मांडवीकाठची | रविवार, दुपारी ४.३०

सईसखी, नाही. मुंबई आंदणात दिली ती ब्रागान्झा घराण्याची कातारीना, इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सची राणी, लग्न १६६२ चं. शंभराहून जास्त वर्षांनंतरची.

पण तुम्ही नकळत फार जवळ आलात. आपली कातालिना अठरा वर्षांची होईपर्यंत आईबरोबर त्याच वाड्यात वाढली. १५२५ मध्ये तिचं लग्न पोर्तुगालच्या जुआंव तिसऱ्याशी झालं. म्हणजे तोर्देसियासच्या कैदेत वाढलेली मुलगी ज्या मुलखाची राणी झाली त्यात गोवा होता. फ्रान्सिस झेव्हियर १५४२ मध्ये गोव्यात आले ते याच जुआंवच्या आश्रयाने. नवरा गेल्यावर १५५७ ते १५६२ तिने नातवाच्या नावाने राज्य चालवलं. त्याच काळात, १५६० ला, गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, सुरू झालं. पूर्वेकडून येणाऱ्या वस्तूंची तिला मोठी ओढ होती. सिंहलद्वीपची हस्तिदंती कोरीव कामं, हिंदुस्थानी कापड, रत्नं तिने गोळा केली.

कोंडलेल्या लहानपणीची मुलगी दूरदेशच्या वस्तू गोळा करते हे मला समजतं. आणि तिच्याच सहीच्या काळात माझ्या पूर्वजांना गाव सोडून, देव डोक्यावर घेऊन नदीपलीकडे जावं लागलं, हेही मी विसरू शकत नाही. दोन्ही मनात एकाच वेळी राहतं.

आणखी एक. १५८० ते १६४० पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या राजांकडे होता. त्यांतला पहिला राजा म्हणजे दुसरा फेलिपे, हुआनाचा नातू, जन्म वायादोलिदचा. रेघेच्या दोन्ही बाजू तेव्हा एकाच घराण्याकडे आल्या. त्या साठ वर्षांत गोव्याचा राजा स्पेनचाच.

---

जुनेपाने | रविवार, संध्याकाळी ६.००

राणीच्या कैदेबाबत १५२० आठवायलाच हवं. कार्लोस परदेशी सल्लागार घेऊन आला, कर वाढवले आणि सम्राटपद घ्यायला निघून गेला. कास्तीलच्या शहरांनी बंड केलं, कोमुनेरोंचं बंड. ऑगस्टअखेर पादिया आणि इतर पुढारी तोर्देसियासला आले. राणीने सही केली की बंड कायदेशीर, इतकं ते सरळ होतं. तिने त्यांचं ऐकून घेतलं, बोलली, पण सही दिली नाही. ५ डिसेंबरला राजाच्या फौजेने गाव परत घेतलं. पुढच्या वर्षी २३ एप्रिलला, इथून जेमतेम पंधरा किलोमीटरवर, व्हियालारला बंड मोडलं आणि पादिया, ब्राव्हो, माल्दोनादो यांची डोकी दुसऱ्या दिवशी उडवली. आज २३ एप्रिल हा कास्तील-लेओन प्रांताचा दिवस आहे. हरलेल्या लढाईचा दिवस सण म्हणून पाळणारे लोक मला फार आवडतात.

आणि ताई, तुमच्या पुलाच्या मुद्द्यावर मी थोडा सरकलो आहे. कोमुनेरोंना राणी हवी होती हे खरं, पण राजाच्या फौजेला गाव परत घ्यायची इतकी घाई का झाली हे पुलाशिवाय समजत नाही.

---

पाटबंधारे निवृत्त | रविवार, रात्री ८.३०

आयुष्यभर नद्यांवर काम केलं, म्हणून नदीबद्दल लिहितो. दुएरोची लांबी ८९७ किलोमीटर. उगम उर्बियोन डोंगरात, दोन हजार मीटरच्या वर. पाणलोट क्षेत्र सुमारे ९८,००० चौरस किलोमीटर, आयबेरियन द्वीपकल्पात सर्वांत मोठं. ते बहुतेक स्पेनमध्ये, शेवटचा भाग पोर्तुगालमध्ये, जिथे तिला दोउरू म्हणतात.

पठारावर ती माती आणि वाळूच्या थरांतून वाहते, म्हणून एका बाजूने कापत जाते आणि दुसऱ्या बाजूला गाळ टाकते. ताईंनी वर्णन केलेला उंच काठ-सखल काठ हा त्याचा परिणाम. जुन्या काळी नदी आणखी वर होती, तेव्हाचे गोट्यांचे थर पायऱ्यांसारखे दक्षिणेकडे राहिले आहेत. रुएदाच्या द्राक्षमळ्यांना तीच गोटेरी जमीन मानवली. पाणी झिरपतं, मुळं खोल जातात.

कास्तीलमध्ये म्हणतात की नाव दुएरोचं आणि पाणी पिसुएर्गाचं. संगम तोर्देसियासच्या वरच्या अंगाला आहे, म्हणजे त्या पुलाखालून दोन्ही नद्यांचं पाणी जातं. पूल तेवढा लांब का लागला ते यावरून कळेल.

पण खरी नदी पुढे बदलते. सामोरा सोडल्यावर ती ग्रॅनाइटमध्ये शिरते आणि सुमारे ११२ किलोमीटर स्पेन-पोर्तुगालची हद्द होऊन खोल घळीतून जाते. उतार जबरदस्त, त्यामुळे तिथे वीजनिर्मितीची धरणं. आल्देआदाव्हिलाचं धरण सुमारे १४० मीटर उंच आहे. या घळीमुळे समुद्रातून गलबत कधी तोर्देसियासपर्यंत येऊ शकलं नाही. समुद्राची वाटणी अशा गावात झाली जिथे समुद्रावरून काहीच येत नव्हतं.

---

मांडवीकाठची | रविवार, रात्री ९.१५

काका, घळीचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी पोर्तोला गेले आहे, तिथे दोउरूच्या मुखाशी उभी राहिले आहे. हेच पाणी तोर्देसियासच्या कमानींखालून आलं हे माहीत होतं, पण मधला कडा माहीत नव्हता.

---

डोंगरवेडा | रविवार, रात्री १०.४०

पुलासाठी आणखी एक साक्ष. १८०८ च्या नाताळात नेपोलियन स्वतः इंग्रजांच्या मागे लागून तोर्देसियासला आला होता. आणि १८१२ च्या ऑक्टोबरात वेलिंग्टन मागे हटत असताना पुलाची कमान उडवलेली होती. दक्षिणेच्या काठावर त्याचा पहारा होता. फ्रेंचांचे पन्नासेक सैनिक रात्री त्या थंड पाण्यात उतरले, शस्त्रं तराफ्यावर ठेवून पोहत पलीकडे गेले आणि पूल ताब्यात घेतला. वेलिंग्टनला मुक्काम हलवावा लागला. हा तोच वेलिंग्टन, ज्याने १८०३ ला आपल्याकडे अहमदनगर, असई आणि आडगावच्या लढाया मारल्या.

---

फोंड्याची माई | सोमवार, सकाळी ७.००

रात्री झोप लागली नाही इतका हा धागा डोक्यात होता. मूळ तहाचा कागद कुठे आहे, तोर्देसियासलाच का? आणि तिकडे कधी आले तर काय पाहू? गुडघे फार चढू देत नाहीत.

---

मांडवीकाठची | सोमवार, दुपारी १२.१०

माई, गावात प्रती आहेत. प्रत्येक राजाने आपली मंजुरी समोरच्याला दिली, त्यामुळे पोर्तुगालने मंजूर केलेला कागद स्पेनकडे, सेव्हिलच्या इंडीजच्या दफ्तरखान्यात, आणि कास्तीलने मंजूर केलेला लिस्बनच्या तोर्रे दो तोंबोमध्ये आहे. २००७ मध्ये युनेस्कोने दोन्ही मिळून जागतिक स्मृतिवारशात घेतले.

गुडघ्यांची काळजी करू नका. बस वरच्या अंगाला, सपाटीवरच सोडते. कमानींच्या ओवऱ्या असलेला चौक, म्हणजे प्लाझा मायोर, तिथून जवळ. तिथे बसून कॉफी घ्या. मग सांत आन्तोलिनच्या चर्चकडे हळूहळू उतरा, तहाची घरं बाजूलाच. सांता क्लारा वाटाड्याबरोबरच बघावा लागतो, सोमवारी जाऊ नका. पुलापर्यंत उतार आहे, तो टाळायचा असेल तर टॅक्सीने थेट दक्षिणेच्या काठावर उतरायचं. एप्रिलअखेर या. गहू हिरवा असतो आणि वारा अजून भाजत नाही. मी न्यायला येईन वायादोलिदच्या स्टेशनवर.

येताना थोडी आमसुलं आणाल का? इथे मिळत नाहीत.

---

फोंड्याची माई | सोमवार, दुपारी १२.३५

आमसुलं आणि फणसाची साठं, दोन्ही आणते. पासपोर्ट मुलाकडे आहे, आज त्याला फोन करते.